३६६ दिवस रोज लिहिलं, आता त्याचा हिशेब

काल रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी ३६६वी पोस्ट टाकली आणि मोबाईल उशाला ठेवून झोपलो. सकाळी उठल्यावर पहिला विचार आला, आज काय लिहायचं? मग लक्षात आलं की आज काही लिहायचं नाहीये. वर्ष संपलं. दुपारपर्यंत बरं वाटलं. संध्याकाळी हात शिवशिवायला लागले. म्हणून ही पोस्ट. ही मोजणीत धरू नका. हा फक्त हिशेब आहे, आणि तो तुमच्यापुढे ठेवणं भाग आहे, कारण वर्षभर वाचलंत तुम्ही.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. गेल्या वर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिन होता. दरवर्षी असतो तसाच. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण'चा पहिला अंक काढला, म्हणून आम्ही त्यांच्या फोटोला हार घालतो, शाल-श्रीफळ घेतो, 'लोकशाहीचा चौथा स्तंभ' हे शब्द चार वेळा ऐकतो आणि जेवून घरी येतो. त्या रात्री घरी आल्यावर बायकोनं सहज विचारलं, "आज पेपरात तुमचं काय आलंय?" मी म्हटलं, आज आमच्या पानावर जागाच नव्हती, एका नेत्याचा वाढदिवस होता, पान जाहिरातीत गेलं. ती काही बोलली नाही. पोळी वाढून आत गेली.

तेव्हा ठरवलं. पेपरला जागा असो नसो, आपण रोज आपल्या गावाबद्दल काहीतरी लिहायचं. वर्षभर. रात्री बारा वाजायच्या आत. २०२४ लीप वर्ष होतं, म्हणून ३६५ ऐवजी ३६६ झाले. तेवढाच एक दिवसाचा बोनस.

लोक आता विचारतायत, कसं वाटतंय? अभिनंदनाचे मेसेज आले. कुणीतरी लिहिलं, "सर, तुमच्या सातत्याला सलाम." सातत्य वगैरे ठीक आहे. पण मी काल दुपारी वही घेऊन बसलो आणि ३६६ पोस्टची वर्गवारी केली. ती अशी:

पाणी ६१. रस्ते, गटारं, दिवे ५४. शाळा आणि दवाखाना ३७. शेती आणि बाजार ४८. निवडणुका ५२. गावातली माणसं ४४. आणि वेळ मारून नेलेल्या ७०.

होय, सत्तर. म्हणजे ऊन फार आहे, पाऊस पडला, जुना फोटो सापडला, चहा महाग झाला, असल्या. रात्री साडेअकराला काही सुचलं नाही की हे व्हायचं. दर पाच पोस्टमागे जवळपास एक भरतीची. तुम्ही त्यांनाही लाईक दिलंत, तुमचे उपकार आहेत. पण त्यातून गावाचं काही भलं झालं नाही.

माणसाचं घर चालताना काही दिवस असे येणारच, हेही खरं. १८ सप्टेंबरला, म्हणजे २५७व्या दिवशी, वडिलांना सोलापूरला ॲडमिट केलं होतं. त्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून चार ओळी लिहिल्या. त्याही भरतीतच मोजल्यात. त्याबद्दल मला खंत नाही. खंत दुसऱ्या गोष्टीची आहे, तिच्याकडे येतो.

आधी काय जमलं ते सांगतो.

भाजी मंडईतलं बायकांचं स्वच्छतागृह तुम्हाला आठवत असेल. बांधून झालेलं, रंग दिलेला, कोनशिला बसवलेली आणि दाराला कुलूप. १२ फेब्रुवारीला पहिली पोस्ट लिहिली. भरपूर शेअर झाली. काही झालं नाही. आठवड्यानं दुसरी. नंतर तिसरी. ८ मार्चला महिला दिन होता, त्या दिवशी कुलूप निघालं, फीत कापली, फोटो झाले. मीही खूश होऊन 'अखेर यश' अशी पोस्ट टाकली. ११ तारखेला सकाळी भाजी आणायला गेलो तर परत कुलूप!

इथं मी थांबलो असतो तर ती गोष्ट 'यश' म्हणूनच संपली असती. पेपरात तशीच संपते. बातमी लागली, दखल घेतली, कात्रण कापलं, फाईलला लावलं. पण मला रोज काहीतरी लिहायचं होतं, म्हणून मी परत गेलो. चावी कुणाकडे, हे विचारत फिरलो. तीन माणसं फिरून कळलं की चावी ज्याच्याकडे असते तो अकराला येतो आणि मंडई पहाटे पाचला भरते. म्हणजे बायका घरी जायच्या वेळेला हा चावी घेऊन येणार. कोपऱ्यावर मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या मावशी बसतात, त्या म्हणाल्या, "चावी माझ्यापाशी द्या की. मी पहाटं चारला येते." एवढंच. पाच वेळा लिहून, दोनदा जाऊन मुख्याधिकाऱ्यांच्या कानावर घातल्यावर चावी मावशींकडे आली. आजही तिथंच आहे. सात पोस्ट लागल्या. उपाय मात्र मंडईतल्याच एका बाईनं एका वाक्यात सांगितला, आणि तो मी पहिल्याच दिवशी विचारला असता तर सहा पोस्ट वाचल्या असत्या.

आता खंत.

गेल्या उन्हाळ्यात पाण्याचं काय होतं ते मी सांगायला नको. उजनी उणेत गेलेली. नळ सातव्या दिवशी, तोही रात्री कधीतरी. १५ मे, माझा १३१वा दिवस. आमच्या भागात पाण्याचा दिवस होता. सगळी गल्ली हंडे-बादल्या मांडून बसलेली. दहा वाजले, साडेदहा वाजले, पाणी नाही. मी गाडी काढली आणि टाकीवर गेलो. तिथं पाणी सोडणारा माणूस टाकीच्या पायरीवर उताणा झोपलेला. मी मोबाईलचा फ्लॅश टाकून फोटो काढला. तो उठला नाही. मी उठवलंही नाही.

घरी येऊन अकरा पस्तीसला पोस्ट टाकली: 'गाव जागं, पाणी सोडणारा झोपलेला'. बारा वाजायच्या आत काम झालं. त्या दिवसापुरता मी सुटलो.

वर्षातली सगळ्यात जास्त चाललेली पोस्ट ती. शेजारच्या दोन तालुक्यांतल्या ग्रुपवर फिरून ती परत माझ्याच मोबाईलवर आली. खाली कमेंट बघाल तर काय काय लिहिलंय. फुकटे, ऐतखाऊ, असल्यांना हाकला. मी एकाही कमेंटला उत्तर दिलं नाही, पण खोटं कशाला बोलू, वाचताना बरं वाटत होतं. चौथ्या दिवशी कळलं की ठेकेदारानं त्या माणसाला कामावरून काढलं. तो कायम नोकर नव्हता, ठेक्यावर होता. काढायला कागद लागला नाही. मी तेही 'इम्पॅक्ट' म्हणून लिहिलं.

पाणी त्यानंतरही सातव्या दिवशीच येत राहिलं. रात्रीच. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आली नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लाडकी बहीणचे अर्ज भरायला सेतू केंद्रावर ही रांग लागलेली. मी तिथं रांगेवरच लिहायला गेलो होतो. बायकांशी बोलत होतो. एकजण माझ्याकडे बघत होती, शेवटी म्हणाली, "तुमीच ना पत्रकार? आमच्या मालकांचा फोटू टाकला हुता तुमी."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं हातातली कागदांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि सांगितलं की त्या दिवशी ते सकाळी सहापासून टाकीवर होते. रात्रपाळीचा माणूस आलाच नव्हता. संध्याकाळपासून तिकडं पंपावर लाईट नव्हती, त्यामुळं टाकीच भरली नव्हती. "टाकीत पाणीच न्हाई तर सोडनार काय, दादा? लाईट येस्तवर पडले हुते जरा. साडेबाराला टाकी भरली, मग सोडलंच की पानी."

सोडलं होतं. आमच्या गल्लीत त्या रात्री दीडला पाणी आलं होतं. मी स्वतः उठून हौद भरला होता. पण पोस्ट टाकून झाली होती ना.

मी २००१ साली पत्रकारितेचा डिप्लोमा केला. त्यात पहिल्याच महिन्यात शिकवतात की ज्याच्याबद्दल लिहिताय त्याचं म्हणणं घ्या. चोवीस वर्षं झाली या धंद्यात. पेपरला बातमी पाठवताना मी हे पाळतो, कारण वर कुणीतरी विचारणारा बसलेला असतो. इथं माझ्यावर कुणी नव्हतं. मीच वार्ताहर, मीच संपादक, मीच छापखाना. वर कोण होतं, तर घड्याळ. आणि घड्याळ विचारत नाही की त्याचं म्हणणं घेतलं का.

मी त्या माणसाच्या घरी गेलो. दोन दिवस गेले धीर करायला. पत्र्याचं घर, बाहेर बाज टाकलेली. मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुमचं काय चुकलं न्हाई सायब, झोपलेलोच हुतो मी. फोटू काय खोटा न्हाई. पर उठवून इचारायचं हुतं की, का झोपलास म्हणून." मग चहा आला. मला तो घशाखाली उतरेना, तरी प्यालो, कारण न पिणं आणखी वाईट दिसलं असतं.

८ ऑगस्टला मी खुलासा लिहिला, नाव न देता, काय झालं ते सगळं. मूळ पोस्टला हजाराच्या घरात लाईक होते. खुलाशाला साठ. त्या फोटोखाली शिव्या घालणाऱ्यांपैकी चारच जण खुलासा वाचायला आले. फोटो मी काढून टाकला, पण दुसऱ्यांच्या मोबाईलमधून तो कसा काढणार? ठेकेदाराला जाऊन भेटलो. तो म्हणाला, "आता दुसरा माणूस घेतलाय, तुम्हीच म्हणाला होता ना काढा?" मी तसं लिहिलं नव्हतं. पण त्याचंही चुकलं नाही, सगळ्या गावानं ते तसंच वाचलं होतं.

तो माणूस आता एका पेट्रोल पंपावर रात्रपाळीला असतो. जाता-येता हात करतो. मीही करतो.

यातून मला दोन गोष्टी कळल्या, त्या सांगण्यासाठीच ही एवढी लांब पोस्ट.

पहिली. रोज लिहायचं ठरवलं की रोज एक दोषी लागतो. आणि आपल्या हाताला सगळ्यात आधी लागतो तो सगळ्यात खालचा माणूस. पाणी सोडणारा, झाडूवाली, शिपाई, कंडक्टर, अंगणवाडीताई. ते रस्त्यावर असतात, दिसतात, त्यांचा फोटो निघतो. पंपावर दुसरी मोटर का नाही, हा निर्णय ज्या कागदावर अडलाय त्या कागदाचा फोटो निघत नाही. तो कुणाच्या टेबलावर आहे हे शोधायला महिना लागतो, आणि आपल्याला तर बारा वाजायच्या आत पोस्ट टाकायची असते. माझ्या एकट्याची नाही ही गोष्ट. गावातला प्रत्येक ग्रुप बघा. रोज कुणाचा तरी फोटो, कुणाचा तरी व्हिडिओ, 'इतका व्हायरल करा की'. बहुतेक वेळा तो माणूस पंधरा हजारांच्या आतला असतो.

दुसरी. रोज लिहिण्यानं काम होत नाही. परत गेल्यानं होतं.

हे मी हवेत बोलत नाहीये. पाणी, रस्ते-गटारं-दिवे, शाळा-दवाखाना या तीन विषयांच्या मिळून १५२ पोस्ट आहेत. काल त्या एकेक काढून बघितल्या. १९ प्रश्न असे सापडले जिथं लिहिल्यावर काहीतरी हललं. खड्डा बुजला, दिवा लागला, डॉक्टर यायला लागले. त्यातले ११ आज परत पहिल्यासारखे आहेत. खड्ड्यावर टाकलेला मुरूम पहिल्या पावसात वाहून गेला. राहिले ८. या आठांपैकी एकही असा नाही की ज्यावर मी एकदाच लिहिलं आणि सुटलो. सगळ्यात कमी तीन वेळा. सगळ्यात जास्त अकरा.

ते अकरा वेळावालं काम पाण्याचंच. त्या माणसाच्या घरून आल्यावर मी १२ ऑगस्टला माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मागितलं काय, तर मे महिन्याचं पंपिंगचं लॉगबुक आणि मोटर दुरुस्तीची नोंद. कायद्यानं तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. नाही आलं. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. सुनावणी झाली, मग कागद मिळाले. चौतीस पानं, दोन रुपयांप्रमाणे अडुसष्ट रुपये. म्हणजे अठ्ठ्याण्णव रुपयांत जे कळलं ते मी मेमध्ये अर्ध्या तासात 'शोधून काढलं' होतं, आणि चुकीचं.

कागदात काय होतं? मेच्या ३१ दिवसांत २३ दिवस संध्याकाळनंतर पंपाची लाईट गेलेली. दोन मोटरींपैकी एक आधीच्या वर्षापासून बंद, दुरुस्तीचा प्रस्ताव टेबलावर. लाईट आली की एकाच मोटरवर टाकी भरायला दुप्पट वेळ. म्हणून पाणी रात्री दीडला, म्हणून सातव्या दिवशी. ऑगस्टात उजनी भरली, तुम्ही-आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले, तरी नळ सातव्या दिवशीच का, याचं उत्तरही त्याच कागदात होतं. धरणात पाणी आहे की नाही हा एक प्रश्न, आणि धरणातून आपल्या हौदापर्यंत ते कोण आणतं हा वेगळा. आपण दरवर्षी पहिल्यावरच बोलतो.

हे कागद हातात आले तेव्हा ऑक्टोबर अर्धा झाला होता, विधानसभेची आचारसंहिता लागलेली. कुणाला वाचायला वेळ नव्हता. १८ ऑक्टोबरपासून पाच दिवस सलग लिहिलं. लाईक तीस-चाळीस. त्याच आठवड्यात एका उमेदवाराच्या रॅलीतल्या घोड्यावर लिहिलं त्याला आठशे. पण मी परत परत त्या मोटरवरच आलो. डिसेंबरमध्ये दुसरी मोटर दुरुस्त होऊन बसली. आता पाणी पाचव्या दिवशी येतं. अजूनही रोज नाही, पण सातचे पाच झाले. त्यात माझा वाटा किती, निवडणुकीचा किती, मला सांगता येणार नाही. कागद आधी सापडला असता तर एका माणसाची नोकरी वाचली असती, एवढं मात्र सांगता येईल.

आता कुणी म्हणेल, हे सगळं तुम्हीच कशाला करायचं? नगरसेवक कशाला असतात?

तेच तर. २०२४ अखेर आपल्या नगरपरिषदेत तीन वर्षं नगरसेवकच नव्हते. मुदत संपली होती, प्रशासक बसले होते. आपलंच नाही, राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा आणि महापालिकांचं तेव्हा हेच होतं. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले तेव्हा सुप्रीम कोर्टात होते, निवडणुका अडलेल्या होत्या. खरं तर ७४व्या घटनादुरुस्तीनं स्पष्ट सांगितलंय की पाच वर्षांची मुदत संपायच्या आत पुढची निवडणूक व्हायला पाहिजे. २०२४ साली आपण लोकसभेला मतदान केलं, विधानसभेला केलं, दोन्हींवर मिळून मी ५२ पोस्ट लिहिल्या. पण ज्या निवडणुकीचा आपल्या नळाशी संबंध आहे ती झालीच नाही, आणि त्यावर मी किती लिहिलं? तीन. तुम्ही किती कमेंट केल्या? मोजू नका, वाईट वाटेल.

पूर्वी नळाला पाणी आलं नाही की लोक नगरसेवकाच्या दारात जाऊन ओरडायचे. तो काम करो न करो, दार तरी होतं. २०२४ साली ते दार नव्हतं, म्हणून सगळा राग मोबाईलवर निघाला आणि टाकीच्या पायरीवर झोपलेल्या माणसावर जाऊन पडला. मी त्यात हातभार लावला, म्हणून हे बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

आणि एक राहिलं. न लिहिलेल्या पोस्ट.

३६६ दिवसांत मी वाळूवर एक ओळ लिहिली नाही. नदी तुम्हालाही दिसते, रात्रीचे डंपर तुम्हालाही ऐकू येतात. मार्चमध्ये एकदा लिहिणार होतो, तशी 'उद्या लिहितो' अशी हिंटही दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर एकानं अगदी आपुलकीनं विचारलं, "पोरगी आता कितवीत आहे? शाळेला रिक्षानं जाते ना?" एवढंच. त्या रात्री मी उन्हाळ्यावर लिहिलं. ती सत्तरातली एक पोस्ट. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा २०१७ साली आपल्या विधिमंडळात मंजूर झाला, त्याची बातमी मीच दिली होती. पण सकाळी सात वाजता रिक्षाच्या मागं कायदा पळत नाही.

जाहिरातींचंही तेच. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो हे बऱ्याच जणांना माहीत नाही. मानधन नावापुरतं, बाकी घर जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. ज्यांच्या वाढदिवसाची पानं मी आणतो त्यांच्यावर मी किती लिहिलं, हे तुम्ही शोधायला गेलात तर फार सापडणार नाही. एकावर लिहिलं, त्यांची दिवाळीची जाहिरात गेली. दिवाळीत घरी फराळ झाला, कपडे झाले नाहीत. मुलांनी विचारलं नाही, त्यांना कळतं आता.

म्हणून 'निर्भीड लेखणी' वगैरे कमेंट करू नका. जेवढी निर्भीड होती तेवढी होती.

मग रोज लिहून मिळालं काय? एक सवय मिळाली, बघायची. आधी मी गावात राहत होतो, आता गाव बघतो. कुठल्या खांबावरचा दिवा कधीपासून बंद आहे, कुठल्या शाळेच्या भिंतीला कधी भेग गेली, हे तारखेनिशी माझ्या वहीत आहे. तीन वह्या भरल्या. कुठल्याही कार्यालयात जाऊन 'बरेच दिवस झाले साहेब' म्हणालं तर कुणी बघत नाही. 'अमुक तारखेपासून, आज एकोणसाठ दिवस' म्हणालं तर माणूस वर बघतो. हे वहीनं दिलं.

पुढं काय, असं बरेच जण विचारतायत. रोज लिहिणार नाही. ज्यांच्या फोटोला आज हार घातला त्यांचं 'दर्पण'ही रोज निघत नव्हतं. आधी पाक्षिक होतं, मग साप्ताहिक. मुकुंदराव पाटलांनी तर नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यात बसून 'दीनमित्र' चालवला, अर्धशतकाहून जास्त काळ, तोही आठवड्याला. मोठ्यांशी तुलना नाही करत. एवढंच म्हणतो की आठवडाभर थांबल्यानं ते काही कमी पत्रकार ठरले नाहीत.

तर यंदापासून दर शनिवारी एक पोस्ट. नवीन विषय नाही. वहीतली एक जुनी नोंद काढायची, तिथं परत जायचं, ज्याच्यावर बोट ठेवलं होतं त्याला भेटायचं, आणि आज काय स्थिती आहे ते लिहायचं. झालं असेल तर झालं म्हणायचं, कुणी केलं त्याचं नाव घ्यायचं. नसेल झालं तर कुठल्या टेबलावर अडलंय ते. टेबल सापडलं नाही तर त्या शनिवारी लिहिणार नाही, तसं सांगेन. कुणा झोपलेल्या माणसाचा फोटो टाकणार नाही. वर्षात ५२ होतील. ५२ पैकी वीस कामं जरी टिकली तरी गेल्या वर्षीपेक्षा जास्त.

तुम्हाला एक विनंती. तुमच्या गल्लीतली एकच गोष्ट निवडा. दिवा, गटार, रेशन दुकानाची वेळ, काहीही. तारीख घालून वहीत लिहा. संबंधित माणसाला जाऊन विचारा, मोबाईल खिशात ठेवून. तो काय म्हणतो तेही लिहा. तीस दिवसांनी परत जा. तेव्हाही काही झालं नसेल तर मला सांगा, आपण दहा रुपयांचा स्टॅम्प लावू.  नगरसेवकांच्या हातात द्यायला आपल्याकडे वही असेल.

पहिल्या शनिवारी, ११ तारखेला, मंडईतल्या चावीपासून सुरुवात करतोय. मावशींना आजच सांगून आलो. त्या म्हणाल्या, "या, पर पाचच्या आत या. नंतर गिऱ्हाईक असतंय."

उद्या आमच्या भागात पाण्याचा दिवस आहे. आता झोपतो, दीडला उठायला लागेल. किंवा बाराला, मोटर नीट चालली तर.